दुधाणीची शिडी

"दुधाणीच्या कड्याखाली, हाक मारी माझी मैना…"

ठकूआत्याचा आवाज इथवर यायचा आणि पुढची ओळ ओठांच्या आतच राहायची. रवीची दोरी डावी-उजवी ओढली जायची, डेऱ्यात ताक घुमायचं, आणि त्या घुमण्यात आत्या आपला हुंकार सोडून द्यायची. सूर पुरा, शब्द एकही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माचवाडीला जायचे तेव्हा रोज सकाळी हे ऐकायचे.

"आत्या, पुढं काय?"

"पुढं ताक. वाटी आण."

ती पुढची ओळ मी ऐकली फार वर्षांनी. आणि कुठं ऐकली, तर सिमेंटच्या एका लालभडक बदामासमोर, कर्ण्यातून, टाळ्यांच्या आधी.

मी तेव्हा सांगलीला नोकरीला होते. श्रावणात दोन दिवस काढून माचवाडीला गेले. वडील जाऊन बराच काळ झाला होता, पण त्यांचे थोरले भाऊ बाबूतात्या आणि बहीण ठकूआत्या अजून त्याच घरात होते. तात्यांची बायको, हौसाकाकू, आदल्या वर्षी गेली होती. आत्या तर ऐन जवानीत कुंकू पुसून माहेरी आलेली, ती तिथलीच झालेली. दोन म्हातारी माणसं, चार म्हशी, आणि दारापासून हाकेच्या अंतरावर दुधाणीचा कडा.

कडा म्हणजे आमचं अंगणच. वर आम्ही गवळी लोक, खाली कोकणातलं तळेखोल. मधून दुधाणीचं पाणी उडी घेतं. पण पुरतं खाली जात नाही, कारण खालून वारा चढतो आणि निम्मं पाणी तुषार करून परत वर फेकतो. पाण्यासारखाच तळचा शब्दही वर येतो. खाली कुणी बोललं तर काठावरच्या माणसाला ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं.

या कड्यावर आता 'निसर्ग विहार' झाला होता. तारेचं कुंपण, कमान, गाड्यांचा तळ. आणि आत्या, जी मला आठवतंय तेव्हापासून कधी काठाकडं पाऊल टाकत नव्हती, ती त्या सकाळी धार काढून आली आणि म्हणाली, "वैजे, मला न्हेतीस का तिकडं? पोरं म्हणत्यात, सगुणाक्काच्या नावाची पाटी लावलीया."

तात्या ओसरीवर तंबाखू मळत होते. हात थांबला. "काय बघायचं हाय तिथं? पाणीच पडतंय."

"माझ्या भनीच्या नावाची पाटी हाय. वाचता येत न्हाई तरी बघीन."

"चिखल हाय."

"चिखलातच जलमले मी," आत्या म्हणाली आणि चुंभळ भिरकावून लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

सगुणा ही तात्यांच्या पाठची बहीण, आत्याहून मोठी. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेली. तिला तळेखोलात दिली होती, आणि तिच्याच नवऱ्याची बहीण हौसा तात्यांसाठी केली होती. साटंलोटं. दोन घरांत दोन लेकी अदलून-बदलून. एकीकडची नीट नांदली तर दुसरीकडची नीट. सगुणाबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं: पावसाळ्यात कड्याखाली पाय घसरला. त्याच पावसाळ्यात माझी आजीही तापानं गेली. दोन मरणं एका पावसाळ्यात बांधून ठेवली होती, आणि ती गाठ कुणी सोडत नव्हतं.

तात्याही शेवटी छत्री घेऊन निघाले. "तुमी दोघी वाट चुकाल," म्हणाले. हाकेच्या अंतरावरची वाट!

कमानीत एका पोरानं आत्याचा हात धरला आणि मनगटावर, हिरव्या गोंदणावर, निळ्या कागदाची पट्टी चिकटवली.

"हे काय रं?"

"आजी, हे असलं की आत सोडतात."

"आन् नसलं की?"

"मग बाहेर."

"म्हंजे जनावराला डाग देत्यात तसं," आत्या म्हणाली. पोरगा हसला. मला हसू आलं नाही. जिथं या बाईनं लहानपणी म्हशी चारल्या तिथं तिला शिरायला कागद लागतो, आणि तो चिकटवणाऱ्याला ती कोण हे माहीतही नाही.

आत जत्राच होती. जमिनीतून सिमेंटच्या अळंब्या उगवल्या होत्या, बसायला. आ वासलेले ससे होते, कचरा खायला. पण कचरा सशांच्या भोवती पडला होता. कणसांचा धूर, मॅगीचा वास, छताखाली दणदणणारं गाणं आणि त्यावर ओलीचिंब पोरं उड्या मारतायत. पाण्याचा आवाज ऐकायला आलेली माणसं, आणि पाण्याचा आवाज तेवढा कुठं ऐकू येत नव्हता.

काठाशी, लोखंडी कठड्याला लागून, तो लाल बदाम. त्याच्या शेजारी एक शिडी आभाळाकडं तिरकी उभी केलेली. वेळूची, सोनेरी रंग दिलेली, पायऱ्यांना प्लास्टिकची फुलं गुंडाळलेली. वर पाटी: 'सगुणा पॉइंट – प्रेमाची शिडी'. जोडपी तिच्यावर चढत होती, गालाला गाल लावून फोटो काढत होती आणि उतरत होती.

आत्या त्या शिडीपुढं उभीच राहिली. तिनं पुढं होऊन एका पायरीवरून हात फिरवला.

"आपलीच हाय का ही?"

तात्यांनी मान हलवली. "गोठ्यात पडून व्हती. मागायला आले, दिली."

इथं शिडीचं सांगायला हवं. तळेखोलातून वर यायची नाळेची, म्हणजे अरुंद घळीतली, वाट आहे, पण शेवटचा एक टप्पा सरळ ताशीव कातळ. तिथं आमची शिडी लागायची. पाऊस जवळ आला की ती वर ओढून घ्यायची, नाहीतर तुषारांनी कुजते. मग दसऱ्याला पुजून पुन्हा सोडायची. मधले महिने वाट बंद. पण अडलानडला कुणी खालून हाक दिली तर शिडी सोडायचीच. आधी शिडी, मग 'कोण?' असं विचारायचं, ही आमच्या घराची रीत. कारण शिडीची राखण आमच्या घराकडं होती. काठावरच्या खोपटात शिडी आडवी ठेवलेली असायची आणि घरातला एक गडी पावसाळाभर तिच्यावर बसून असायचा.

"नमस्कार मंडळी! इकडं या, इकडं!" काळा चष्मा कपाळावर चढवलेला एक तरुण बदामासमोर आला. हातात माईक, कमरेला कर्णा. शर्टावर 'सुयोग – मार्गदर्शक' अशी पट्टी. "आता मी तुम्हांला ती गोष्ट सांगणार आहे, जी ऐकून दगडालाही पाझर फुटतो. म्हणूनच इथं धबधबा आहे!"

लोक हसले. जमले.

"शंभर-दोनशे वर्षांपूर्वी या वाडीत सगुणा नावाची एक गवळण होती. चंद्रासारखं रूप! खाली कोकणातला एक तरुण तिच्या प्रेमात पडला. ती त्याच्या. रोज या शिडीवरून ती गुपचूप उतरायची…"

"शंभर?" आत्या मला म्हणाली. "माझ्या परकराच्या नाड्या बांधून द्यायची ती."

"…घरच्यांना कळलं. विरोध झाला. शेवटी एके दिवशी या जागेवरून, जिथं आता आपण हा पॉइंट केलाय, तिनं प्रियकराच्या नावानं उडी घेतली! आणि अजूनही, मंडळी, इथून तुम्ही तिला हाक मारली तर ती ओ देते. कोण मारतंय हाक?"

कठड्यावर पोरांचं कोंडाळं धावलं.

"सगुणाऽऽ! आय लव्ह यू!"

"सगुणाऽऽ! नंबर दे की!"

"अगं वर ये, तो म्हातारा झाला असेल, मी आहे!"

हशा उसळला. वाऱ्यानं त्यांचेच शब्द गोळा करून त्यांच्याच तोंडावर आणून टाकले, आणि त्यांना वाटलं ती बोलली. एकानं शिट्टी वाजवली.

मी गर्दीतून पुढं गेले.

"ही गोष्ट कुणी सांगितली तुम्हांला?"

"मॅडम, लोककथा आहे ही. लोककथा कुणी सांगत नाही, ती असते."

"मग ती बाई खरी असते की नसते? ही समोर उभी आहे ती तिची सख्खी बहीण आहे. शंभर-दोनशे वर्षं? लग्न झालेली, नांदती बाई होती ती. तिला तुम्ही यार लावून दिला आणि वर पोरांना शिट्ट्या मारायला लावता? तुमच्या घरातली मेली असती तर तिच्या नावानं बदाम उभा केला असता का?"

"अहो मॅडम, आम्ही तिचं नाव अमर केलंय. किती लोक येतात!"

"नाव नाही केलं, नाव घालवलं!"

"मी काय मनानं सांगत नाही," सुयोग आता चिडला. माईक चालूच होता, त्यामुळं त्याचा राग सगळ्या विहारात घुमला. "साहेबांनी गावातल्याच माणसाकडून घेतलीय ही गोष्ट. तुमच्या मागं उभे आहेत की! आजोबा, सांगा ना यांना!"

मी वळले. तात्या छत्रीच्या मुठीकडं बघत होते.

"तात्या?"

"आता काय त्याचं…"

"तात्या, तुम्ही सांगितलंत हे?"

"म्या असं न्हाई सांगितलं." ते एका अळंबीवर टेकले. "सायेब आले व्हते. म्हणले, आजोबा, कड्याची गोष्ट काय? म्या म्हणलं, बाई पडली एक. म्हणले, पडली कशी? म्या म्हणलं, उडी टाकली असंल. म्हणले, कुणापायी? म्या गप बसलो. मी गप बसलो, तेच त्यांना घावलं."

"पण घरात तर तुम्ही म्हणायचात, पाय घसरला!"



"उडी?" आत्या म्हणाली. आवाज हळूच होता. ताकाला वाटी मागताना असायचा तेवढाच. "उडी खाली टाकत्यात, दादा. ती वर चढत व्हती."

माझा राग इतका वेळ त्या पोरांवर होता, चष्म्यावर, बदामावर होता. तो एकदम जागचा हलला आणि कुठं जाऊन बसावं हे त्याला कळेना.

आत्या सुयोगसमोर जाऊन उभी राहिली. "त्यो भोंगा दे हिकडं."

"आजी, तुम्हांला हाक मारायचीय?" भांडण मिटतंय असं वाटून त्याचा जीव भांड्यात पडला. माईक तिच्या तोंडाशी धरत तो ओरडला, "चला मंडळी, आता आपल्या गावच्या आजी आवाज देणार! आजी, आजोबांचं नाव घ्या हं, लाजायचं नाही!"

पुन्हा हशा. चार-पाच हातांत मोबाइल वर झाले.

आत्यानं डोळे मिटले नाहीत. तात्यांकडं बघतच तिनं सूर लावला. साठी उलटलेला, चिरकलेला, पण सुरात अजून डेऱ्याचं घुमणं होतं.

"दुधाणीच्या कड्याखाली, हाक मारी माझी मैना…"

मी हुंकाराची वाट पाहत होते. जन्मभर तिथं हुंकारच आला होता.

"दादा बसला शिडीवरी, ऐकूनबी उठंना."

ती ओळ कर्ण्यातून निघाली, छताखालच्या गाण्यावरून गेली, कठड्यापलीकडं पडली, आणि वाऱ्यानं ती परत वर आणली. उठंना… उठंना…

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"क्या बात है!" सुयोग म्हणाला. "एकदम ओरिजनल! आजी, वन्स मोअर!"

"आजी, जरा उजेडाकडं तोंड करून म्हणा ना, रेकॉर्ड नीट नाही झालं," एक बाई म्हणाली.

"बंद करा ते!" मी ओरडले. मी त्या बाईचा हात खाली केला. सुयोगच्या हातातला माईक हिसकून बंद केला आणि कुठं ठेवावा न कळून सशाच्या तोंडात टाकला. "गाणं नाही हे! कळत नाही तुम्हांला? गाणं नाही!"

"अहो, मग काय आहे?" कुणीतरी विचारलं. खरोखर न कळून विचारलं. लोक थोडा वेळ रेंगाळले, मग कणसांकडं गेले. सुयोग सशाच्या पोटात हात घालून माईक शोधत, मला काहीतरी पुटपुटत, दुसऱ्या गटाकडं गेला.

आम्ही तिघं उरलो. तात्या अळंबीवर, आत्या त्यांच्यासमोर उभी. मनगटावरची निळी पट्टी तुषारांनी भिजून अर्धी सुटली होती.

"सांज व्हायची व्हती," आत्या म्हणाली. ती मला सांगत होती, पण बघत दादाकडंच होती. "म्या आईच्या उशाशी बसलेले. आई तापानं फणफणलेली. वाऱ्यावर सगुणाक्काची हाक आली. घरात शब्द पोचला न्हाई, नुसता सूर. पर भनीचा सूर कळतो. पळत खोपटाशी गेले. हा शिडीवर बसलेला. म्या म्हणलं, दादा, अक्का आलीया. हा म्हणला, पाणी हाय ते. घरला जा. रातभर म्या सोताला सांगितलं, पाणी हाय ते. सकाळी तळेखोलच्या माणसांनी खालनं हाक दिली, अक्का मरून पडलीया. कातळाच्या वरच्या अंगाला तिच्या बांगड्यांच्या काचा घावल्या. वरच्या अंगाला, वैजे. हातभर राहिला व्हता काठ. ती शिडीबिगर चढली तितकी."

"आणि तू कधी विचारलं नाहीस?"

"कुणाला ईचारू? आई त्या दुखण्यात गेली. पुढं मी बोडकी होऊन ह्याच्याच दारात आले. ह्याच्या भाकरीवर बसून ह्याला ईचारू?" ती पहिल्यांदा कडवट हसली. "म्हणून ओवीला सांगितलं. तिलाबी अर्धंच."

तात्यांचा जबडा हलत होता. तंबाखू नव्हती तोंडात.

"हौसाला सातवा म्हैना व्हता," ते म्हणाले. "सगुणा दोनदा पळून आलेली त्याच्या आदी. मारायचा तिला नवरा. दुसऱ्या वक्ताला त्यानं निरोप धाडला, आता तुमची आली तर आमची घिऊन जाईन. पोटातल्यासकट घिऊन जाईन. तो न्हेणारा व्हता, ठके. तसलाच व्हता तो."

"म्हणून?"

"म्हणलं, हाका मारून मारून जाईल माघारी. आदीच्या दोन वक्ताला गेली तशी."

"हौसावयनीला ठावं व्हतं?"

त्यांनी मान नकारार्थी हलवली. हौसाकाकू मला आठवली; नागपंचमीला कड्याच्या दिशेनं एक नैवेद्य जास्तीचा ठेवणारी, का ते न सांगणारी. तिला ठाऊक नव्हतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या क्षणी ते बोलायची जागा नव्हती.

"बायकोसाठी बहीण मारलीत," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांची धार मला कळली. "आणि एवढं करून, तात्या, तिला यार लावून दिलात. त्या पोरांच्या शिट्ट्या ऐकत बसलात."

"वैजे," आत्यानं मला हातानं मागं सारलं. माझ्या रागाचं तिला काही करायचं नव्हतं. तिला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि त्यासाठी ती जन्मभर थांबली होती. ती वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून, दादाच्या तोंडाशी तोंड नेऊन.

"दादा, मला सूर आला. तू काठाला व्हतास. तुला शब्द आलं असतील." तिचा आवाज बारा वर्षांच्या पोरीचा झाला होता. "काय म्हणत व्हती रं अक्का?"

छताखालचं गाणं संपलं होतं आणि दुसरं अजून लागलं नव्हतं. त्या फटीत पाण्याचा आवाज आला. आत आल्यापासून पहिल्यांदाच. तात्यांनी सोनेरी शिडीकडं बघितलं. तिच्या मधल्या पायरीवर एक पोरगी ओढणी उडवत उभी होती, आणि तिचा नवरा खालून म्हणत होता, "अजून एक पायरी वर जा. घाबरू नको, मी धरलीय."

"आली ऐकू," तात्या म्हणाले. "पैल्या हाकेलाच आली. समदं ऐकू आलं." छत्री त्यांच्या हातातून निसटून चिखलात पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. मग त्या थकलेल्या, तंबाखूनं खरखरलेल्या गळ्यातून एका तरण्या बाईचे शब्द एकेक करून बाहेर आले, इतकी वर्षं एकही न हरवता सांभाळलेले.

"म्हणत व्हती… दादा, ऱ्हायला न्हाई आले रे मी. वयनीला कुणी न्हेणार न्हाई, भिऊ नगं. आईला लई ताप हाय म्हणं. तिचं तोंड बघते आन् दिस बुडायच्या आत माघारी उतरते. शिडी सोड."